पाचशेच्या स्टॅम्पवर ‘कुठं बोलणार नाही’ असं लिहून देण्याआधी

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही कळेल. बहीण शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे, प्लांट मॅनेजरनं त्रास दिला, तिनं एचआरला सांगितलं, आणि आठ दिवसांत एचआरनं “बाहेर कशाला जायचं, आपल्यातच मिटवू” म्हणत पाचशेच्या स्टॅम्पवर टाईप केलेलं ॲग्रीमेंट पुढं ठेवलं. त्यात तिचा राजीनामा, तीन महिन्यांचा पगार, एक्स्पिरियन्स लेटर, आणि झाल्या प्रकाराबद्दल कुणाशीही कधीही बोलायचं नाही, कमिटी-पोलीस-कोर्ट कुठंच जायचं नाही, गेल्यास पाच लाख भरायचे. तुम्ही विचारलंय की अमेरिकेत म्हणे असल्या ॲग्रीमेंटवर बंदी आली, आपल्याकडं काय, आणि तिनं सही करावी का.

या कागदावर आहे तशी सही करू नका, कितीही गोड बोलून मागितली तरी. मी कोल्हापुरात लेबरच्या आणि बायकांच्या केसेस चालवते, दोन-चार कंपन्यांच्या इंटर्नल कमिटीवर, म्हणजे छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्यामुळं असले कागद टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेत. आता कारणं सांगते, जरा लांबेल.

सगळ्यात आधी तारीख बघा. पॉश कायदा, म्हणजे २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, तक्रारीला तीन महिने देतो, शेवटची घटना घडली त्या दिवसापासून. कमिटीला पटलं तर कारण लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवून मिळतात, त्यापुढं नाही. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२५ मध्ये एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या प्रकरणात हे अगदी कडकपणे लावलं, तक्रार मुदतीबाहेर म्हणून चालली नाही, मात्र त्याच निकालात कोर्टानं असंही सांगितलं की हा निकाल त्या कुलगुरूंच्या रेझ्युमेत कायम लागला पाहिजे. म्हणजे मुदत गेली म्हणून सगळं पुसलं जात नाही, पण चौकशी मात्र जाते. आता तुमच्या एचआरचं “पुढच्या सोमवारी साहेब येतील मग फायनल करू, मग ड्राफ्ट बदलतो, मग सीएला विचारतो” हे या घड्याळात बसवून बघा. मुद्दाम करतात असं प्रत्येक वेळी म्हणणार नाही, पण बोलणी लांबतात आणि तीन महिने संपतात हे मी इतक्यांदा बघितलंय की पहिला सल्ला हाच देते: बोलणी चालू ठेवायची तर ठेवा, पण लेखी तक्रार आधी आत टाका. तोंडी एचआरला सांगितलं ती तक्रार नव्हे. कमिटीच्या नावानं अर्ज, रिसीव्हडचा शिक्का, नाहीतर निदान ईमेल तरी.

आता आपल्याकडं बंदी आहे का. असल्या गप्प राहायच्या कराराला एनडीए (नॉन-डिस्क्लोजर ॲग्रीमेंट) म्हणतात, आणि “एनडीए चालणार नाही” असा सरळ कायदा भारतात नाही. पण पॉश कायद्याचं १० वं कलम वाचलं की कळतं, लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हा धोका होता. त्यात असं आहे की बाईनं स्वतः मागितलं तरच, आणि चौकशी सुरू व्हायच्या आधीच, कमिटी समेट घडवू शकते, आणि त्या समेटाचा पाया पैसा असू शकत नाही. तडजोड झाली की कमिटीनं ती लिहून काढायची, मालकाला पाठवायची, दोघांनाही प्रत द्यायची. मग चौकशी थांबते. आणि समोरच्यानं अट मोडली, समजा माफीनामा देतो म्हणाला आणि दिला नाही, तर कमिटीला चौकशी परत हातात घेता येते. बघा हं, इथं गप्प बसायचे पैसे हा प्रकारच कायद्यानं बाहेर ठेवलाय. नुकसानभरपाई वेगळी. ती चौकशीत आरोप सिद्ध झाल्यावर १५ व्या कलमाखाली मिळते, मनस्ताप, गेलेली संधी, औषधपाण्याचा खर्च, आणि त्या माणसाची कमाई हे बघून ठरते, आणि त्याच्या पगारातून कापून देता येते. एकात त्याचा गुन्हा कागदावर येतो आणि दुसऱ्यात तो कागदावर येऊ नये म्हणून पैसे दिले जातात.

म्हणूनच हुशार कंपन्या कमिटीला मधे घेतच नाहीत. एचआर, मालकाचा मेव्हणा आणि एखादा ओळखीचा वकील असं बसून “म्युच्युअल सेपरेशन ॲग्रीमेंट” बनवतात, त्यात छळ हा शब्दसुद्धा नसतो. दुसरं कारण आकड्यांचं. कमिटीकडं आलेली तक्रार दर वर्षीच्या अहवालात दाखवावी लागते, आणि १४ जुलै २०२५ पासून अगदी छोट्या कंपन्या सोडल्या तर बाकीच्यांना डायरेक्टर्स रिपोर्टमध्ये पण सांगावं लागतं की वर्षात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांवर पेंडिंग राहिल्या. आपल्याकडच्या फौंड्र्यांना मोठ्या ऑटो कंपन्यांची ऑडिट असतात, तिथं रजिस्टरवर शून्य दिसलेलं सगळ्यांना आवडतं. मला स्वतःला पाचशे माणसांच्या प्लांटचं वर्षानुवर्षं शून्य बघितलं की जास्त शंका येते, पण ते असो.

बरं, कमिटीबाहेर केलेला हा कागद कोर्टात कितपत टिकतो? तुम्ही सांगितलेली कलमं एकेक घेते.

“पोलिसात जाणार नाही.” भारतीय न्याय संहितेचं ७५ कलम, आधीचं आयपीसी ३५४ अ. नको असताना अंगाला हात लावणं, शरीरसुखाची मागणी करणं याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, अश्लील शेरेबाजीला एक वर्षापर्यंत. पैसे घेऊन फौजदारी तक्रार दाबायचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरतो, म्हणजे रद्दबातल. गुन्हा दाखल झाल्यावर दोघांनी मिटवायचं ठरवलं तरी ७५ कलम आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यासाठी हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावी लागते. पूर्वी तेवढ्यासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर हॉस्पिटलसमोर सुरू झालंय. आणि हो, पोलिसांचा रस्ता पॉशच्या तीन महिन्यांना बांधलेला नाही, आणि तिला पोलिसात जायचं असेल तर मदत करायची ही १९ व्या कलमाखाली मालकाची जबाबदारी आहे. जो कायद्यानं मदतीला बांधलाय तोच “जाणार नाही” असं लिहून घेतोय.

“कोर्टात, कमिटीत जाणार नाही.” करार कायद्याचं २८ वं कलम म्हणतं की आपला हक्क कोर्टात मागण्यापासून पूर्ण अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. इथं एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धवट ऐकून कुणीतरी पैसेही घेईल आणि दावाही लावेल. झालेल्या वादाची खरीखुरी तडजोड कायद्याला चालते. पगाराचा, बोनसचा, नोटीस पे चा हिशेब राजीखुशीनं “फुल अँड फायनल” म्हणून मिटवला तर तो हिशेब परत उकरून काढता येईलच असं नाही. त्यामुळं पैशाचा भाग टिकू शकतो, तोंड बंद करायचा भाग टिकणं अवघड. एकाच कागदात दोन्ही घुसडलेलं असतं म्हणून गोंधळ होतो. दबाव टाकून सही घेतली असेल तर कराराला त्या कारणानंही आव्हान देता येतं, पण ते शाबीत करायचं ओझं तुमच्यावर येतं, म्हणून आधीच सही न करणं सोपं.

“पाच लाख दंड.” या आकड्यानं माणसं झोपत नाहीत. करार कायद्याचं ७४ वं कलम म्हणतं, करारात आकडा काहीही लिहा, कोर्ट वाजवी भरपाईच देईल, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. आणि ते मागायला कंपनीला दावा लावावा लागेल, दाव्यात हेच ॲग्रीमेंट पुरावा म्हणून लावावं लागेल, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एचआरला उभं राहून सांगावं लागेल की आम्ही या मुलीला गप्प बसायला पैसे दिले होते आणि ती बोलली. कोण करणार ओ हे? माझ्या बघण्यात तरी अशी धमकीची नोटीस येते, दावा येत नाही. नोटीस आली तरी घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो ही गोष्ट वेगळी, आणि कागदाचा खरा उपयोग तेवढाच असतो.

स्टॅम्पचं पण सांगते, कारण “पाचशेचा स्टॅम्प आहे ताई” असं लोक फार दबक्या आवाजात सांगतात. शंभरचा बंद होऊन पाचशेचा झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, सरकारला महसूल पाहिजे म्हणून. स्टॅम्प म्हणजे कर भरल्याची पावती, नोटरी म्हणजे सही याच माणसानं केली याची खूण. बेकायदा मजकूर पाचशेच्या कागदावर उतरवला म्हणून कायदेशीर होत नाही.

आणि बदल्यात काय देतायत ते तर बघा. एक्स्पिरियन्स लेटर, पीएफचा फॉर्म, राहिलेला पगार. यातलं एकही त्यांनी द्यायचं बक्षीस नाही. नव्या वेज कोडप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन वर्किंग डेजमध्ये पगाराचा हिशेब करायचा असतो, पीएफ तिचा स्वतःचा आहे, पात्र असेल तर ग्रॅच्युइटी पण तिची. तिचंच तिला द्यायचं आणि वर सही मागायची, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! खरं जास्तीचं म्हणाल तर तीन महिन्यांचा पगार, आणि तीन महिन्यांपर्यंतची जादाची रजा तर चौकशी चालू असताना १२ व्या कलमाखाली कमिटी तिला नोकरी न सोडता देऊ शकते, किंवा तिची नाहीतर त्या मॅनेजरची बदली सुचवू शकते. राजीनामा तिनंच का द्यायचा हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये कुणीच विचारला नसणार.

आता एचआर एक हुकमाचा पत्ता टाकेल, कदाचित टाकलाही असेल: “मॅडम, पॉश कायद्यातच लिहिलंय की गुप्तता पाळायची, कलम १६.” हे अर्धं खरं आहे आणि म्हणून जास्त धोक्याचं आहे. १६ वं कलम म्हणतं की तक्रारीतला मजकूर, तिची, त्याची, साक्षीदारांची ओळख, चौकशीत काय झालं हे लोकांत किंवा मीडियात प्रसिद्ध करायचं नाही. त्याला तोडणाऱ्या, म्हणजे प्रकरण हाताळायची जबाबदारी ज्याच्यावर होती अशा माणसाला, नियमात पाच हजार रुपये दंड आहे. पण तिनं आईला सांगणं, नवऱ्याला सांगणं, डॉक्टरला, वकिलाला, पोलिसाला सांगणं हे प्रसिद्ध करणं होत नाही. आणि तिची आणि साक्षीदारांची ओळख न उघडता न्याय मिळाला एवढं सांगायला तर त्याच कलमात मुभा दिलीय. ते कलम बाईचं नाव चव्हाट्यावर येऊ नये म्हणून आहे, कंपनीनं ते स्वतःचं नाव झाकायला वापरायचं नसतं. सोशल मीडियावर त्याचं नाव फोटोसकट टाकू नका हे मी पण सांगेन, चौकशी चालू असताना तर अजिबात नको, अब्रुनुकसानीची केस मागं लागते ती वेगळीच कटकट. तसं पत्रकार प्रिया रमानींवर माजी मंत्री एम. जे. अकबर यांनी लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात दिल्लीच्या कोर्टानं १७ फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं होतं की बाईला आपली तक्रार कितीही वर्षांनी, तिला पाहिजे त्या ठिकाणी मांडायचा हक्क आहे, आणि त्या निर्दोष सुटल्या. पण सुटेपर्यंतच्या तारखा कुणी भरल्या हेही लक्षात ठेवा.

अमेरिकेबद्दल विचारलंत. बंदी म्हणजे सरसकट बंदी नाही, आणि हे बारकावे आपल्याला उपयोगी आहेत म्हणून सांगते. याची सुरुवात लोकांना माहीत आहे ती ऑक्टोबर २०१७ पासून, हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीनची प्रकरणं बाहेर आली तेव्हापासून. पण त्याची लंडनमधली असिस्टंट झेल्डा पर्किन्स हिनं १९९८ सालीच सही केलेली होती, तिच्या सहकारी मुलीवर झालेल्या प्रकारानंतर दोघींनी मिळून अडीच लाख पौंड घेतले, आणि करार असा की स्वतः सही केलेल्या कागदाची पूर्ण प्रतसुद्धा जवळ ठेवता येत नव्हती. जवळजवळ वीस वर्षं ती गप्प राहिली, आणि २०१७ मध्ये तिनं उघडपणे करार मोडला. तिच्यावर दावा पडला नाही. इतक्या मोठ्या वकिलांनी बनवलेला कागद, आणि वापरायची वेळ आली तेव्हा कुणी वापरला नाही. पण मधल्या वीस वर्षांत त्या माणसाला किती मोकळं रान मिळालं.

त्यानंतर कायदे आले. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०१९ पासून दाखल झालेल्या छळाच्या तक्रारींच्या तडजोडीत घटनेची माहिती लपवायचं कलम बंद केलं, रक्कम गुप्त ठेवता येते, आणि बाईनं मागितलं तर तिची ओळख झाकता येते. २०२२ पासून तेच वंश, धर्म, अपंगत्व अशा सगळ्या भेदभावांना लावलं. न्यूयॉर्कमध्ये २०१८ पासून अशी पद्धत की गुप्तता तक्रारदारालाच हवी असेल तर, विचार करायला एकवीस दिवस, आणि सही केल्यावर मागं घ्यायला सात दिवस. अख्ख्या देशाचा स्पीक आउट ॲक्ट डिसेंबर २०२२ मध्ये आला, पण तो वाद होण्याआधी, म्हणजे जॉइनिंगच्या गठ्ठ्यात घातलेल्या एनडीएपुरता. वाद झाल्यावर तडजोडीत केलेला एनडीए त्यात येत नाही, आणि तुमच्या बहिणीचा हा दुसराच प्रकार. त्यामुळं “अमेरिकेत बंदी आहे” हे वाक्य एचआरपुढं टाकून उपयोग नाही. आयर्लंडनं नोव्हेंबर २०२४ पासून केलेली रचना मला जास्त शहाणी वाटते: असा करार कर्मचाऱ्यानं स्वतः मागितला तरच, त्याला स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळालाच पाहिजे आणि त्या वकिलाची फी मालकानं भरायची, आणि सही केल्यावर चौदा दिवसांत मन बदलायची मुभा.

आपल्याकडं असा कायदा व्हावा का, तर व्हावा, पण पूर्ण बंदी मला नको वाटते. हे बोलले की माझ्याच काही मैत्रिणी चिडतात. पण कोल्हापूर केवढं ओ, सकाळी शिरोलीत शिंकलं की संध्याकाळी रंकाळ्यावर चौघं सर्दीचं औषध सुचवतात. लग्न ठरायचं असलेली मुलगी, किंवा सासरी यातलं काहीच माहीत नसलेली बाई, तिला स्वतःला हे गुप्त हवं असतं आणि ते तिला मिळालं पाहिजे. तिचं नाव, तिचा पत्ता, तिची रक्कम, हे झाकायला कुणाची ना नाही. प्रश्न त्याचं कृत्य झाकायचा आहे, आणि तिनं कुणाशी बोलायचं हे दुसऱ्यानं ठरवायचा.

एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. इचलकरंजीकडचं एक गारमेंट युनिट. सुपरवायझरबद्दल एका मुलीनं तक्रार केली, मालकानं तिला घरी बोलावून पैसे दिले, असाच कागद केला, आणि सुपरवायझरला चांगलं लेटर देऊन त्याच घराण्याच्या दुसऱ्या युनिटला पाठवलं, “तिकडं जरा नीट राहा” म्हणून. तिथं कुणाला काही माहीत नाही, कारण माहीत असायला नकोच होतं. दुसऱ्या युनिटची मुलगी जेव्हा कमिटीपुढं आली तेव्हा मी बसले होते. ती म्हणाली, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, कारण त्याच्याबद्दल कधी कुणी वाईट बोललेलं ऐकलं नव्हतं. सुपरवायझर शांत बसून मोबाईलवर अंगठा फिरवत होता. पहिल्या मुलीला साक्षीला बोलवायचं म्हटलं तर ती फोनवर एकच म्हणायची, “मॅडम, मी सही केलीय, माझे वडील एवढे पैसे कुठनं भरणार.” तिला समजावून सांगायला, की ही सही तुला कमिटीपुढं साक्ष द्यायला अडवू शकत नाही, मला तिच्या गावी जाऊन तिच्या आजीसमोर बसावं लागलं. ती आली, बोलली. दोघींचं जुळलेलं ऐकल्यावर मालकाचा सूर बदलला. तो कागद कायद्यात फाटकाच होता, पण दोन बायकांना एकमेकींपासून लांब ठेवायला पुरला होता, आणि एनडीए नेमकं हेच काम करतो. पैसे, नुकसान, दंड ही सगळी वरवरची गोष्ट.

विरोधी मुद्दा पण खोटा नाही. काही वकील म्हणतात, गुप्तता काढली तर मालक पैसेच देणार नाहीत, बाईच्या हातात तारखांशिवाय काय राहणार. मालकाला शांतता पाहिजे आणि तो तिची किंमत देतो, खरं आहे. पण ती किंमत नेहमी सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला सगळ्यात कमी मिळते. मॅनेजर बाईला वर्षाचा पगार आणि हाऊसकीपिंगच्या मावशीला तीन हजार रुपये आणि साडी, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाकीच्या भेदभावाचं थोडक्यात. आपल्याकडं खासगी नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध एकच मोठा कायदा नाही, तुकडे आहेत. गरोदर बाईकडून “वैयक्तिक कारणानं” राजीनामा आणि कुठं बोलणार नाही हे लिहून घेणं हा नेहमीचा प्रकार, आणि बाळंतपणाच्या रजेत काढून टाकायला कायद्यानं मनाई असल्यामुळं मालकाला राजीनामा हवा असतो, हे लक्षात ठेवा. जातीवरून अपमान झाला असेल तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा, तो आपसात मिटवायच्या यादीत नाहीच. कॉलेज, विद्यापीठ असेल तर यूजीसीचे २०१५ चे नियम पण लागतात.

परत तुमच्या बहिणीकडं येते. समजा तिला लढायचंच नाही, दुसरी नोकरी बघायचीय आणि शांतपणे बाहेर पडायचंय. तो तिचा निर्णय, त्यात कमीपणा काही नाही, तुम्ही भाऊ म्हणून तिच्यावर लढायचं ओझं टाकू नका. मग कागद बदलून घ्या. माझ्याकडं असा ड्राफ्ट आला की मी निळ्या पेनानं आधी “कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही” ही ओळ खोडते, कारण ती खोटी आहे आणि खोट्या ओळीवर सही का करायची. मग “कोणासही, कोणत्याही प्रकारे” याच्या पुढं लिहिते: पोलीस, कोर्ट, कमिटी, सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर, कुटुंबीय यांना सांगण्यास व साक्षीस बोलावल्यास खरं सांगण्यास ही अट लागू नाही. दंडाची ओळ पूर्ण काढते. गुप्तता दोन्ही बाजूंना लावते, म्हणजे कंपनीनं पण पुढच्या मालकाचा फोन आला तर तिच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही, लेटरमधली भाषा त्याच कागदाला जोडून घ्यायची. सही केलेली प्रत तिथल्या तिथं हातात. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: त्या माणसाचं पुढं काय, हे लिहून द्या म्हणायचं. इथं बहुतेक एचआर अडखळतात, आणि अडखळले की समजायचं कागद कुणासाठी बनवलाय. तेवढ्यावर बोलणी मोडली तर मोडू देत, तक्रार आधीच आत असली की काही बिघडत नाही.

तक्रार कमिटीकडं केली की नव्वद दिवसांत चौकशी, दहा दिवसांत अहवाल, साठ दिवसांत मालकानं अंमल. दिरंगाई होते, हो, पण आकडे कायद्यात आहेत आणि ते लेखी मागता येतात. अध्यक्ष वरिष्ठ बाईच पाहिजे, निम्म्या तरी बायका पाहिजेत, एक बाहेरची व्यक्ती पाहिजे. दहा किंवा जास्त माणसं असून कमिटीच केली नसेल तर पन्नास हजारापर्यंत दंड आहे. आधी गेटवरच्या बोर्डवर नावं लावलीत का ते बघा, बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मॅडमचं नाव अजून अध्यक्ष म्हणून असतं. दहापेक्षा कमी माणसं असतील, गुजरीतलं दुकान, हुपरीचं चांदीचं छोटं युनिट, राजारामपुरीतला दवाखाना, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक कमिटी आहे. ती कुठं बसते ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा, किंवा केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाका. तिला सिद्ध करता आलं नाही तर उलट तिच्यावरच कारवाई होईल अशी भीती घालतील. नुसतं सिद्ध झालं नाही म्हणून कारवाई होत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे, मुद्दाम खोटी केली हे वेगळं शाबीत व्हावं लागतं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आधार कार्ड आणि हे ड्राफ्ट घेऊन जा. जायच्या आधी तिनं घरी बसून शांतपणे एक कागद लिहावा, कुठल्या तारखेला काय झालं, कोण जवळ होतं, कुणाला त्याच दिवशी सांगितलं. व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉटवर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि कंपनीचा मोबाईल किंवा ईमेल असेल तर तो परत करायच्या आधी सगळं आपल्याकडं उतरवून घ्या. एचआरला उत्तर म्हणून आजच एवढाच ईमेल टाका: “आपण दिलेला मसुदा मिळाला. मी वकिलांचा सल्ला घेत आहे. तोपर्यंत मी राजीनामा दिलेला नाही व देत नाही.”